सात आटे

एकतीस वर्षं मी पाणी सोडलं.
पाच फुटी लोखंडी चावी खांद्यावर,
पहाटे चार-दहाला पार्कसाइटच्या चढावर
झाकण उचलायचं, वाकायचं, मोजायचं.
सात आटे उघडले की टेकडीच्या टोकाला
करंगळीएवढी धार.
सहा उघडले तर नुसती हवा
आणि नळाचा तो खोकला.

आता रिटायर आहे. गुडघा आहे.
आणि उद्या मतदान आहे.

पद्माकर निजाई पुन्हा उभा आहे.
वरच्या चाळींना पाइप त्याने आणला,
हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही,
खड्ड्यात मी होतो.
इंजिनिअर म्हणाला, चढ फार आहे, लोकांकडे कागद नाहीत.
निजाई म्हणाला, तहान काय कागद बघून लागते?
मला ते वाक्य आवडलं. अजून आवडतं.
त्याच वर्षी त्याने कालिंदीला घराबाहेर काढलं,
भर चैत्रात, दोन पोरी आणि एक शिलाई मशीन.
मशीन तिने स्वतःच उचललं होतं.
आम्ही बघत होतो. मीही.

समोर टिल्लू बाई.
उरलेल्या खडूंचाही हिशेब देणाऱ्या.
माझ्या पोराला एका मार्काने नापास केलं
आणि पुढे दोन महिने घरी बोलावून फुकट शिकवलं.
त्यांच्या पत्रकात स्वच्छ लिहिलंय:
नियमात बसेल त्यालाच जोडणी.
बाई खोटं बोलत नाहीत,
म्हणून तर भीती वाटते.

द्वारका म्हणते, एवढा कसला घोर?
नवरा नाही, नगरसेवक निवडायचाय.
पोरगा म्हणतो, घरच्या बाईला असं वागवणारा
आपल्याला कसं वागवेल?
मी दोघांच्या मध्ये भाकरी मोडत बसतो.
दोघंही बरोबर असतात
आणि कालवण गार होतं.

आज पहाटे कालिंदी नळावर दिसली.
हो, त्याच नळावर.
न राहवून विचारलं.
तिने आधी हंडा गळ्यापर्यंत भरू दिला, मग म्हणाली,
"लग्नात माणूस बघितला होता.
सगळे म्हणाले, सोन्यासारखा.
आता नळ बघते."
चुंबळ सारखी केली, दोन पावलं गेली,
आणि मान न वळवता:
"पण तुम्ही माझ्यावरून ठरवू नका.
आणि माझ्या नावाने त्याला माफही करू नका."

रात्री झोप नाही.
कारण एक गोष्ट मी द्वारकेलाही सांगितलेली नाही.
एका मे महिन्यात
टँकरवाल्याचं पाकीट घेतलं होतं मी.
अठरा दिवस
ऑफिसच्या फळ्यावर टेकडीला पूर्ण पाणी,
रजिस्टरमध्ये सात आटे, माझ्याच अक्षरात,
आणि माझ्या मनगटात पाच.
धोरण म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.
वरून कितीही सोडा,
शेवटी ते कुणाच्या तरी मनगटातून जातं.

पण हेही खरं
की पाइपच नसता
तर त्या मनगटाला चोरायलाही
काही मिळालं नसतं.

म्हणजे पुन्हा तिथेच.

सकाळी म्युनिसिपल शाळेचा वर्ग, भिंतीवर बाराखडी,
पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र.
शाई लावणाऱ्या पोरीने हात धरला,
घट्टे बघून म्हणाली, काका, सुतार का?
म्हटलं, नाही. पाणी.
तिला कळलं नाही. पुढचा नंबर पुकारला.

आडोशाशी वाकलो, सवयीने.
दोन नावं, दोन चित्रं, आणखी नऊ जणांच्या गर्दीत.
जन्मभर मोजून मोजून उघडलं,
कुणाला किती, कुठे थांबायचं ते हाताला ठाऊक.
इथे एकदाच दाबायचं होतं
आणि अर्धं उघडता येत नव्हतं.