अर्थिंग

हंबीरनं पेनड्राइव्ह पाठवला
चहावाल्या पोराच्या हाती, काडेपेटीत घालून.
स्वतः आला नाही.
आत घडी घातलेला कागद, हिरव्या स्केचपेननं
वर ‘अर्थिंग’, खाली नऊ नावं,
नावांपुढं मिनिटं.
गाणारं कुणीच नाही.

मी पॉवर प्रेस थांबवला नाही.
वॉशरची ऑर्डर होती, चार हजार नग, शनिवारच्या आत.
काडेपेटी खिशात राहिली तीन दिवस,
शबानानं बादलीतनं काढली म्हणून वाचली.

उद्यमनगरात बातमी आधीच फिरलेली:
शौकत, हंबऱ्यानं ड्रम कॉम्प्युटरवर लावलेत.
असं सांगत होते, जसं सांगावं
तुझा जोडीचा पैलवान
परवापासनं दुसऱ्या तालमीत घुमतोय.
मी म्हणालो, बरं झालं.
कॉम्प्युटरला टेम्पो लागत नाही,
पहाटे चारला रस्सा लागत नाही,
आणि दुसऱ्या ठोक्यावर तो
केसभर मागं राहत नाही.

त्या केसभरावरनं
बावीस वर्षं शिव्या खाल्ल्या मी.
निपाणीत तंबाखूवाल्याच्या लग्नात,
गडहिंग्लजच्या गणपतीत,
गॅदरिंगला, जिथं आमची इंग्रजी गाणी
पोरांनी शिट्ट्यांखाली पुरली, तिथंसुद्धा
गिटार वाजवता वाजवता मागं वळायचा:
‘मर्दा, पायावर म्हस बसलीया काय?’
त्याला माहीत होतं.
सात वर्षांचा असताना मामाच्या गुऱ्हाळात
काकवी सांडलेली माझ्या उजव्या पायावर.
घोटा तेव्हापासनं जरा विचार करून हलतो.

रविवारी रात्री ओम्नी काढली,
कळंब्याच्या बांधाला लावली, काचा वर.

पहिल्या तुकड्यात गिटार सापडेचना.
एक घूं, नुसती घूं.
मग ओळखलं आणि हसलो एकटाच.
गंगावेशीतल्या आमच्या खोलीला अर्थिंग नव्हतं,
अ‍ॅम्प रात्रभर अशीच कण्हायची,
तारेला हात लावला की गप्प,
सोडला की सुरू.
शेजारचे पाटील म्हणायचे, भुंगा पाळलाय का रे?
त्या भुंग्याचा त्यानं तानपुरा केलाय.
त्यावर लांबनं गिटार येते,
पाय पुसून घरात आल्यासारखी.

दुसरा बरा.
तिसरा, ‘थ्री फेज’, मला अजिबात झेपला नाही.
आठ मिनिटं फ्यूज उडाल्याचा आवाज,
त्याला कला म्हणायचं असेल तर
एमएसईबीत कलाकारच कलाकार आहेत.
चौथ्याला डोळा लागला.

पाचव्याचं नाव ‘शौकतसाठी नाही’.

ड्रम सुरू झाले. मशीनचे, कोरडे,
पत्र्यावर पत्रा पडावा तसे.
एक.
दोन.
स्टेअरिंगवर बोट आपोआप पडायला लागलं
आणि बरोबर पडायला लागलं.
गाणं मागं नेलं. परत ऐकलं.
चार वेळा.
दुसरा ठोका उशिरा येत होता. केसभर.

मशीन चुकत नाही.
ते मी रोज बघतो, भोक जिथं सांगाल तिथं पडतं.
चूक हवी असेल तर माणसानं बसायचं,
एकेक ठोका बोटानं मागं ओढायचा.
मी नग मोजून पोट भरणारा माणूस,
मोजले: एकशे ब्याण्णव.
एकशे ब्याण्णव वेळा त्यानं माझा घोटा
काकवीतनं उचलला
आणि अलगद उशिरा खाली ठेवला.

फोन लावला नाही.
काय बोलणार? तो म्हणाला असता,
‘नाव वाचलं न्हाईस काय?’

सोमवारी नाकारलेल्या मालाच्या डब्यात हात घातला.
एक वॉशर शोधला, भोक मध्यापासनं सरकलेलं,
डोळ्याला दिसणार नाही,
बोट फिरवलं तरच कळेल.
काडेपेटीत घातला,
पोराला म्हणालो, दे त्याला. काय बोलू नकोस.

तिसरं मात्र काढून टाक म्हणावं.
ते भेटल्यावर सांगीन.