उरलेल्या पाचांचं काय झालं

आमच्याकडे जुलैत हिवाळा असतो.
गुलाबांच्या काटक्या राखाडी, नळाला बर्फ,
आणि टपालात राजधानीचं पत्र:
माणशी वर्गणी इतकी, अहवाल अमुक तारखेच्या आत,
अन्यथा संलग्नता संपुष्टात आली असे समजावे.

आम्ही अकरा जण.
त्यातले दोघे आता बागेत उतरत नाहीत,
खिडकीतून बोट दाखवून छाटणी करवून घेतात.
इनेस मॅकक्वारी म्हणाला, आपण देतो ते दिसतं.
तिकडून येतं काय?
एक गुळगुळीत त्रैमासिक, त्यात उत्तरेकडचे गुलाब,
जे आपल्या वाऱ्यात आठवडाही काढणार नाहीत.
मी खजिनदार. बिस्किटांच्या डब्यातली नाणी
पुन्हा एकदा मोजली.
काही बोलले नाही.

खरं दुखणं वेगळं होतं.
लोकरीच्या बंद गोदामामागे, भिंतीला टेकून,
आयल्सा टेल्फरला एक गुलाब सापडला होता.
पहिल्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी जांभळा,
वास लवंगेचा, थोडा ओल्या लोकरीचा.
नोंदणीचा अर्ज मागवला.
नाव? माहीत नाही.
कोणी तयार केला? माहीत नाही.
वर्ष? माहीत नाही.
अर्ज परत आला, अपूर्ण असा शिक्का मारून.
तो शिक्का आयल्साने फ्रिजवर लावून ठेवला,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

फेब्रुवारीत राजधानीची बाई आली. बसने.
रेवा तामिहाना. पायात चिखलाचे बूट.
आम्ही मुद्दाम साधे कप काढले.
ती म्हणाली, राष्ट्रीय मंडळ म्हणजे दोन खोल्या
आणि साडेतीन माणसं.
अर्धा कोण? – मॅकक्वारी.
तो फक्त गुरुवारी येतो.
कोणी तरी हसलं. बहुधा मीच.
मग तिने विचारलं, ती भिंत कुठे आहे?

गोदामामागे ती किती तरी वेळ उकिडवी बसली.
नाव विचारलं नाही.
बोटाच्या पेराने साल दाबून पाहिली,
म्हणाली, सुटतेय. आजच भरू या डोळे.

खुंट आमचे होते, मॅकक्वारीच्या वाफ्यातले,
रानटी, चिवट, मनगटाएवढे.
ती चिरे देत गेली, मी पट्टी गुंडाळत गेले.
आयल्सा ओल्या फडक्यातून एकेक डोळा काढून देई,
श्वास रोखून, जणू कोणाच्या पापणीवरचं कुसळ.
मॅकक्वारी शेवटी बोललाच:
राबतो खुंट, जमिनीखाली. आणि नाव होतं डोळ्याचं.
ती मान वर न करता म्हणाली,
खरं आहे.
पण खुंटाला एकटं सोडलं की काटेच येतात,
आणि हा डोळा माझ्या तळहातावर
तुमचा चहा निवायच्या आत सुकेल.
आता बोट ठेवा इथे, घट्ट.
त्याने ठेवलं.

कोण डोळा आणि कोण खुंट
हे त्या दुपारी ठरलं नाही.
गुलाब आमचा होता, सुरी तिची.
खुंट आमचे, पट्टी तिने पिशवीतून आणलेली,
आणि पाठी सगळ्यांच्याच धरल्या.

बारा भरले. सात लागले.
वर्गणीचा प्रश्न तसाच आहे,
माणशी पन्नास सेंट कमी झाले, एवढंच.
अहवाल मी नऊ दिवस उशिरा पाठवला.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
भिंतीवरचा गुलाब, बारापैकी सात.

उत्तर आलं. छापील नाही,
पेन्सिलीने, खाली गुरुवारची तारीख:
उरलेल्या पाचांचं काय झालं?

इतक्या वर्षांत आमच्या मेलेल्यांची चौकशी
तिकडून कोणी केली नव्हती.
मी चष्मा पुसला. नवा कागद घेतला.
पहिला: ड्रमंडांची मेंढी.
दुसरा: पट्टी मी सैल बांधली होती.
तिसरा: