खरवस

शेवंती मोंडकरची गाय व्याली,
ती डबा घेऊन आली. वर जायफळ किसलेलं.
तिला कुणी सांगितलं नव्हतं
मी परवाच कणकवलीहून आलेय म्हणून, रिकामी.

चमचा लावला तर थरथरला, मोडला नाही.
छान जमला होता.
काही गोष्टी किती सहज जमतात.

पहिलं नऊ आठवड्यांचं. दुसरं अकरा.
तिसऱ्याच्या पायाची बोटं मी मोजली.
दहा होती.

सासूबाईंनी देवळात कौल लावला.
उजवा मिळेना.
"जाग्यावाल्याचो मान रवलो आसतलो."
मान दिला. कोंबडाही दिला.

मग निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गेलं.
लॅबमधला पोरगा म्हणाला,
"ताई, घड्याळ लावून बसलो होतो,
काचेत तुमचं रक्त गोठायला तयारच नाही."
आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात मात्र
ते भलतीकडेच गोठतं,
वारेच्या बारीक वाटांमध्ये.

म्हणजे माझं रक्त चारचौघांत एक
आणि घरात एक.
मला हसूच आलं. त्या दचकल्या.

गुरुनाथला मी असं सांगितलं:
गस्तीची बोट असते ना, समज तिची ओळख चुकली.
आपल्याच होड्या अडवते, कार्ड मागते,
खाडीच्या तोंडाशी रांग लागते,
तोवर ओहोटी. सगळ्या गाळात रुततात
आणि आत वाडीवर
एक चूल पेटायची राहते.

तो जाळ्याची गाठ सोडवत बसला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"मगे तेंका कोणी सांगूचा, ही आपलीच आसत म्हणान?"

बारा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.
एकदा सापडलं म्हणजे खरंच असतं असं नाही.
तोवर बंदी लागली, होड्या वर ओढल्या,
झापांनी झाकल्या. मीही तशीच.

पुन्हा तेच आलं तर, आणि पुन्हा राहिलं तर,
रोज पोटात सुई, सोबत एक छोटी गोळी.
सुई गुरुनाथ टोचणार म्हणतो.
त्याचा हात जड आहे.
निळे डाग पडतील, पडू देत.
ते तरी बाहेरून दिसतील.

शेवंतीचा डबा अजून माझ्याकडेच.
घासून ठेवलाय, पण तसाच कसा देणार?
रिकामा डबा परत करायचा नसतो.

घरात सोलं होती, मूठभर.
तीच घातली.