इस्त्री केलेलं वेड

बझाँसोंत, दू नदीच्या वळणात, चढावरच्या गल्लीत
ओदील व्हेर्नरेचं इस्त्रीचं दुकान होतं.
दाराला घंटी, खिडकीत कागदी फुलं,
आणि रेडिओवर दिवसभर अकॉर्डियन,
इतक्या मोठ्यानं, की गिऱ्हाइकाला वाटावं
या बाईच्या डोक्यात दुसरं काही मावतच नसणार.

आवाज ती मुद्दाम वाढवायची.
हे मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं.

मी अकरा वर्षांची. पुडक्यांना दोरी बांधायची,
वकिलाचे सदरे वकिलाकडे, पाद्रीबाबांचे पाद्रीबाबांकडे,
आणि गुरुवारी, चढण संपेस्तोवर धापा टाकत,
वेधशाळेत, मस्यू ग्रोपेरँचे.
ते खिसे रिकामे करायला विसरत.
रुमाल, ट्रामचं तिकीट, खोकल्याची गोळी,
आणि चौघडी घातलेल्या कागदांवर
ताऱ्यांचे आकडे.

ओदील ते कागदही इस्त्री करायची,
वर मलमल टाकून, कोमट हातानं.
तिचे ओठ हलत असायचे.
मला वाटायचं, प्रार्थना म्हणते.
एकदा विचारलं, तर म्हणाली,
"सातव्या ओळीत वजा आहे. अधिक हवं,"
आणि लगेच रेडिओचा कान पिळला.

मग कॉलर आणि कफ यांच्या मधल्या वेळात
तुकड्यातुकड्यानं सांगितलं.
लढाईत पुरुष कैदेत गेले, तेव्हा
टेकडीवरच्या त्याच इमारतीत
पाच वर्षं तिनं आकडेमोड केली,
बोटं गारठली की शाईच्या दौतीला मिठी मारून.
अहवालात तिचं नाव: "मदतनीस, एक."
पुरुष परतले. टेबल त्यांचं होतं.
ग्रोपेरँ तर त्यानंतर पॅरिसहून आलेले.

"मग सांगा ना त्यांना!"
"इस्त्रीवालीनं चूक दाखवली
की सदरे दुसऱ्या दुकानात जातात.
वेड पांघरायचंच, पोरी,
तर त्याला सुरकुती राहू देऊ नये."

तीन गुरुवार ती चूक परत आली.
दर खेपेला थोडी मोठी होऊन,
न धुतलेल्या डागासारखी खालच्या ओळींत पसरत.
चौथ्यांदा ओदीलनं
कपड्यांवर खुणा करायची पेन्सिल उचलली.
एक उभी रेघ. पापणीच्या केसाएवढी.
कागद पुन्हा चौघडी केला, खिशात घातला,
आणि मला म्हणाली, "पळ."

आठवड्यानं मस्यू ग्रोपेरँ स्वतःच आले,
कोटाची बटणं एकेक घर चुकलेली, चेहरा उजळलेला.
"आमचा नवा सहायक, त्या पोराची नजर पाहा!
आणि वर म्हणतो, मी नाही केलं.
आजकाल इतका विनय कुठे सापडतो?"

ओदील म्हणाली, "कॉलरला खळ किती?"
"नेहमीइतकी."

घंटी वाजली, दार मिटलं.
तिनं रेडिओ बंद केला.
तो बंद असताना दुकान केवढं लहान होतं!
इस्त्री वकिलाच्या कफावर उभी होती,
आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो,
वास येईपर्यंत, वास आल्यानंतरही.
सोळा वर्षांत तिच्या हातून काही जळलं नव्हतं.
"सांग त्यांना, बाई बावळट आहे," ती म्हणाली.
"लगेच पटेल."
खरंच, लगेच पटलं.

तो कफ माझ्याकडे आहे. तपकिरी डाग, होडीसारखा.

आज दिजाँला, रविवारच्या जेवणावर,
माझा दीर सगळ्यांना समजावतोय
पुलाच्या कमानीवर भार कसा येतो.
चुकीचं समजावतोय.
आयुष्याची तीस वर्षं मी शाळेत तेच शिकवलं,
पण इथे मी थोरली सून.
"अजून सॉस देऊ, गास्पार?" मी विचारते,
आणि ताटाआडच्या पांढऱ्या मेजपोशावर
नखानं एक आडवी रेघ ओढते,
तिच्यावर एक उभी.

उद्या कुठल्यातरी दुकानात
कुणीतरी ती इस्त्रीनं पुसून टाकेल.
पुसण्याआधी, कदाचित, वाचेल.