साईड

कॅरमबोर्ड उलटा केला तिनं,
मागच्या प्लायवर चोवीस नंबरचा नट ठेवून
रात्रभर पेन्सिल फिरवत गेली.
तीनशे बारा षटकोन. मोजले मी.
मधोमध वाळकं सीताफळ, तो ग्रह.
इकडंतिकडं सरकी, ते दगड. धडकलात की गेलात.

सबस्टेशनची रात्रपाळी तिची.
ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, मीटरमागं पाल चुकचुकते,
आणि दारव्हा डेपोतून रिटायर झालेला मी
सुनेचा डबा घेऊन येतो तो उठतच नाही.

माझं जहाज म्हणजे इंजिनाचा झिजलेला व्हॉल्व्ह.
तिचं, स्कूटीचा स्पार्क प्लग.
वेग मागच्या डावाचा तोच राहतो,
वाढवा नाहीतर कमी करा, फक्त एकानं.
वेग तीन असेल तर तीन घरं सरळ गेल्याशिवाय
तोंड फिरत नाही.
"अवकाशात ब्रेक नसते, मामाजी."
आमच्या गाडीले तरी कुठी होते, मी म्हणतो,
बोरीच्या उतारावर पाऊण मैल आधी गिअर पाडत होतो.

म्हणून एवढं मला कळतं
की वळण दिसल्यावर घ्यायचं नसतं,
ते मागच्याच डावात लिहून झालेलं असतं.
स्पार्क प्लग आत्ता कुठं आहे हे बघून काय करणार?
चिठ्ठ्या उलगडल्यावर तो जिथं असेल
तिथं माझं तोंड हवं.
आणि चिठ्ठ्या दोघांच्या एकदमच उलगडतात.
मेख तिथंच आहे.

सलग अकरा रात्री हरलो.
दर वेळी ती नेमकी माझ्या पाठीशी निघायची.
बाराव्या रात्री विचारलं, सुकेशिनी, कसं वं?
भाकरीचा तुकडा वांग्यात बुडवत म्हणाली,
"समोरासमोर आलो का तुमी डावीकडे घेता.
दरखेपी. म्या सरळ लिवतो, मंग तुमची पाठ भेटते."

एकतीस वर्षं. सिंगल रोड.
समोरून ट्रक आला की डावी चाकं खाली मुरमावर,
आत पंचावन्न माणसं, कोंबड्या, एकदा तर नवरी,
सगळी एका अंगाला कलायची
आणि परत सरळ व्हायची.
त्याला कोणी हरणं म्हटलं नाही.
कोणी काहीच म्हटलं नाही, खरं तर.

आज पुन्हा तसंच. तिचा वेग तीन, माझा तीन.
तोंडाला तोंड, मधे पाच घरं रिकामी.
दोघं सरळ गेलो तर मधल्या एकाच घरात, म्हणजे संपलं.
माझ्या डावीकडं सीताफळ, उजवीकडं सरकी.
वळण जमा आहे माझ्याकडं, वापरू शकतो.
हात आपोआप 'डा' लिहितो.
मी 'डा' खोडतो.
पण 'सरळ तीन' लिहायला पेन्सिल तयार होत नाही,
तेवढी छाती नव्हतीच कधी, स्टेअरिंगवरही नव्हती.
बऱ्याच वेळानं लिहितो: सरळ, दोन.

चिठ्ठ्या उलगडल्या.
तिनं आज पहिल्यांदा साईड दिली होती!
तिच्या डावीकडं, सरकीच्या दोन दाण्यांमधून, तीन घरं,
कारण मी आता वळणार नाही हे तिनंच मला सांगितलेलं.
मी तीन गेलो असतो
तर माझ्या तोफेच्या अगदी कोपऱ्यातून सुटली असती.
एक घर कमी आलो,
आणि स्पार्क प्लगची अख्खी कूस माझ्यासमोर उघडी.

"वेग कमी केला तुमी?"
ती बोर्डाकडं बघत राहिली.
"हे कवा शिकले?"

फासा उचलला, तेवढ्यात फोन.
चार नंबरचा फीडर ट्रिप. अर्धं गाव अंधारात.
हेल्मेट घालून, बॅटरी घेऊन ती यार्डात गेली,
दारातून ओरडून गेली, "हलवू नका काही!"

हलवत नाही.
फासा मुठीत गरम होत चाललाय.
बाहेर तिची बॅटरी एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडं,
मधे थोडी थांबते,
मग वळते.