फिरकी आणि पीस

इर्शाद बागवान विचारतो, दर रविवारी विचारतो,
शिंगणापूरच्या बंधाऱ्यावर, विडी विझवत:
"दाजी, चाबूक हाणून मासा मरतोय व्हय?"

त्याच्या हातात फिरकी. नवी, निळी,
लक्ष्मीपुरीतनं हप्त्यावर घेतलेली.
पत्र्याचा चमचा भिरकावतो पार पल्याडच्या उसाखाली
आणि दांडा फिरवतो. कर्र कर्र कर्र.
दिवस कलेपर्यंत त्याच्या पिशवीत दोन मरळ, एक शिंगाळा.
माझ्या पिशवीत डबा. तोही खाऊन झालेला.

आता याला काय सांगू.
एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो मी.
चक फिरायचा, जॉब फिरायचा,
पंपाचे शाफ्ट, चरकाच्या पिना,
रात्री झोपेत मनगट फिरायचं,
बायको धरून ठेवायची.
आता फिरणारं काही हातात नको वाटतं.
नळाची तोटीसुद्धा तीच बंद करते.

पण हे अर्धंच खरं.

दुसरं आहे वजनाचं.
त्याच्याकडं चमचा जड, दोरा हलका.
चमचा उडतो, दोरा फरफटत जातो,
मालकामागनं मुकादम जातो तसा.
माझ्याकडं उलटं. दोराच जड,
आणि टोकाला जे आहे त्याला वजनच नाही:
गावठी कोंबड्याच्या मानेचं एक पीस,
चिकन सेंटरातनं फुकट मागून आणलेलं,
बायकोच्या डब्यातल्या जांभळ्या रिळानं बांधलेलं.
वजन नसलेली गोष्ट पोचवायची
तर सगळ्या दोऱ्यानं तिला
आळीपाळीनं खांदा द्यावा लागतो.

हे शिकवलं एलिया भोरेनं,
मिशन कंपाउंडातल्या जुन्या कंपाउंडरनं.
काठी त्याचीच. कळकाच्या सहा चिपा जोडलेली, सांध्यांवर रेशीम.
म्हणायचा, पुढं टाकायचं असंल तर आधी मागं जाऊ दे.
मागं दोरा सरळ होईपर्यंत थांब.
थांबलास? अजून एक श्वास थांब.

लेथवर मागं बघायची सोय नव्हती.
नजर हलली की बोट गेलं.
(डावी करंगळी बघ. अर्धीच आहे.)

तरी मागं बघायला मी उशिराच शिकलो.
पहिल्याच महिन्यात गळ गेला तो
शामू गवळ्याच्या म्हशीच्या कानात.
तिनं मान झटकली, काठीसकट मी पाण्यात,
आणि शामूनं माझ्या सात पिढ्यांची
काठावरनंच विचारपूस केली.
एलिया हसला नाही.
पाण्यात उतरला, गळ काढला,
म्हशीला सॉरी म्हणाला.

कधी कधी, उन्हं उतरताना,
बरग्यांच्या फटीतनं पाणी पांढरं सुटतं,
त्याच्या जरा खाली, कातळाच्या आडोशाला
आंबळ्या वर येतात, ओठांनी पाणी टिपतात.
पीस तिथं पडतं.
पडतं म्हणजे, पाण्याला कळतही नाही.
दोरा डाव्या बोटांतनं, थेट,
मध्ये ना गिअर ना बेअरिंग,
आणि तिकडनं कुणीतरी, बोटाएवढं, ओढतं.
गेलेल्या पेरापर्यंत कळतं ते.

सोडून देतो. बोटभर माशाचं कालवण होत नाही.

यातलं काही मी इर्शादला सांगत नाही.
"मला फिरकी जमत नाही गा," एवढंच म्हणतो.
तो मान हलवतो,
एक मरळ माझ्या पिशवीत टाकतो.
शेपटी बाहेर राहते, रंकाळ्यापर्यंत
येणारेजाणारे बघतात.

घरी बायको मासा बघते, काही बोलत नाही.
डबा उघडून जांभळं रीळ उजेडात धरते,
केवढं कमी झालंय, बघते.
मी काठी पुसत बसतो.