योरी

गुरुवारी संध्याकाळी, बंदरामागच्या सभागृहात
मी रॉकेलचा स्टोव्ह पेटवते, फळा पुसते.
शिक्षिका मी कधीच नव्हते.
पोस्टाच्या खिडकीमागे आयुष्य गेलं,
पण हिमी गावात फुकट शिकवायला
दुसरं कुणी तयार झालं नाही.

आज तुलनेचा धडा.
फळ्यावर दोन मासे काढले, एक बारका, एक थोराड.
"ह्याच्यापेक्षा तो मोठा." पेक्षा म्हणजे योरी.
कोळंबी सोलून बोटं सुजलेली न्यून विचारते,
"आणि 'मोठा'ला काय जोडायचं?"
काही नाही, मी म्हणते.
शब्द आहे तसाच राहतो.
शेजारी कोण उभं आहे, एवढंच बदलतं.

वाह्यूदी मागच्या बाकावरून हसतो.
पहाटे तीनला जाळ्यावर जाणारा मुलगा,
अंगाला अजून खवल्यांचा वास.
"सेन्सेई, मासा तर वाढला की नाव बदलतो!
कोझुकुरा, मग फुकुरागी, मग गांदो, मग बुरी.
आणि 'मोठा' मात्र जन्मभर मोठाच?"
एकाहत्तर वर्षं मी हेच मासे खातेय.
हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग दुसरा तुकडा: होऽ.
होऽ म्हणजे बाजू, दिशा.
चहा की कॉफी? चहाची बाजू.
कॉफीला नावं ठेवायची नाहीत,
तोंड फक्त चहाकडे वळवायचं.
पुस्तकात पुढचा प्रश्न आहे:
तुमचं गाव आणि हे गाव, कोणतं जास्त चांगलं?
तो मी दरवर्षी गाळते.

तास संपताना मारिसेलनं पर्समधून चिठ्ठी काढली.
सासूबाईंनी डोंगरातून खोकं पाठवलंय,
तांदूळ, खारवलेला मुळा, लोकरी मोजे,
आणि वर हा कागद.
तिनं बोट ठेवत ठेवत वाचलं:
थंडी वाढली. सर्दी होऊ देऊ नकोस.
हाहा योरी.

"आईपेक्षा," ती म्हणाली, आणि थांबली.
"आईपेक्षा काय, सेन्सेई?
वाक्य अर्धंच सोडलंय. रागावल्यात का?"

वर्ग हसला. मीही हसले.
अगं, तोच योरी, पण काम वेगळं.
पत्राच्या शेवटी आला की 'कडून'.
आईकडून.
तिनं कागद पुन्हा पाहिला.
"सासू असं नाही लिहिलं?"
नाही. आई लिहिलंय.
तिनं घडी घातली, मग उघडली, मग परत घातली.

घरी येऊन मी खालचा खण ओढला.
पंधराव्या वर्षी मला नागोयाच्या सूतगिरणीत धाडलं,
तेव्हाची आईची कार्डं.
शाई फिकी, भाषा तुटक:
जेवत जा. पैसे मिळाले. बर्फ गुडघाभर.
आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच दोन शब्द.
छप्पन्न वर्षं मी ते बरोबर वाचत आले.
आज पहिल्यांदा चुकीचे वाचले.

आईपेक्षा.
पुढे कोरी जागा, तिकिटाएवढी.

आई गेली तेव्हा अठ्ठावन्नची होती.
आईपेक्षा मी मोठी.
म्हणून पाहिलं, मोठ्यानं, रिकाम्या स्वयंपाकघरात.
व्याकरणात कुठे चूक नाही.
शब्दाला काहीच जोडावं लागलं नाही.

पुढच्या गुरुवारी 'होदो' घ्यायचाय,
"हे त्याच्याइतकं नाही" म्हणायची रीत.
'नाही' अगदी शेवटी येतं,
तोवर ऐकणाऱ्याला आशा असते.
उदाहरणं शोधायला हवीत.
माझा खारवलेला मुळा तिच्याइतका
कुरकुरीत,
हे चालेल.
स्टोव्हचं रॉकेलही संपत आलंय,
आठवणीनं आणायला हवं.